बुडबुडे मोजणाऱ्या मॅडम

खोली बघायला आलेलं माणूस आधी संडास बघतं. मग पाणी किती वाजता येतं ते विचारतं, मग भिंतीला ओल आहे का म्हणून हात लावून बघतं. मॅडमनी यातलं काहीच केलं नाही. त्या सरळ खिडकीपाशी गेल्या, उन्हात हात धरला आणि लादीवर पडलेली हाताची सावली बघत उभ्या राहिल्या. बोटं पसरली, मिटली, परत पसरली.

"कड बघा सावलीची, मावशी. किती स्वच्छ आहे."

मी म्हटलं, "लादी कालच पुसलीय."

त्यांनी खोली घेतली. संडास कुठे आहे ते राहायला आल्यावर विचारलं.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, चार मजली, लिफ्ट नाही. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या सगळ्या पूर्वेला. तेव्हा समोर एक बैठी चाळ होती आणि तिच्या पलीकडे पार मिठागरांपर्यंत मोकळं दिसायचं. सकाळचं ऊन थेट ओट्यावर यायचं. यजमान गेल्यावर घरात मी एकटी, म्हणून आतली खोली भाड्याने द्यायला काढली. मॅडम कॉलेजात जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, लग्न केलेलं नाही, भावाशी पटत नाही. मला वाटलं, शांत बाई असेल, वाचत बसेल.

बसणं त्या बाईला माहीतच नव्हतं. जेवायच्या त्या सुद्धा ताटली हातात घेऊन, खिडकीशी उभ्याने. एक घास खायच्या आणि आत जाऊन काहीतरी बघून यायच्या. चपलांचे तळ एका बाजूने झिजलेले. दिवसभर घरात कोणीतरी सारखं चालतंय असं वाटायचं, आणि चालतच असायचं.

सामान म्हणून आणल्या होत्या काचेच्या बरण्या. लोणच्याच्या, कॉफीच्या, औषधाच्या दुकानातल्या. एक वाकड्या मानेचा टेबललँप, गळ्यात अडकवायचं घड्याळ, खडू. आणि बादलीत गवत. मी त्याला शेवाळ म्हटलं तर त्यांना राग यायचा.

"शेवाळ वेगळं, मावशी. ही हायड्रिला."

"पाण्यात हिरवं असतं ते आमच्याकडे शेवाळच."

"तुमच्याकडे पापलेट आणि बांगडा एकच का?"

एवढं सोडून कोणी मला गप्प बसवलेलं आठवत नाही.

त्यांचं काम मला पहिल्या आठवड्यात पाठ झालं, कारण ते माझ्याच लादीवर चालायचं. हायड्रिलाची काडी कापायची, उलटी करून बरणीतल्या पाण्यात सोडायची, वर येऊ नये म्हणून तिला कागद अडकवायची क्लिप लावायची. समोर दिवा ठेवायचा. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून बारीक बुडबुडे सुटायला लागतात, मोहरीएवढे, एकामागून एक. झाड उजेड खातं आणि हवा सोडतं, पाण्यात असल्यामुळे ती डोळ्यांना दिसते, असं त्यांनी सांगितलं. दिवा एक लादी मागे घ्यायचा, बुडबुडे मोजायचे. आणखी एक लादी मागे, परत मोजायचे. प्रत्येक ठिकाणी खडूची रेघ. रेघा पुसल्या की ओरडायच्या. मी म्हणायचे, "रांगोळी तरी काढा, लोकांना दाखवता येईल."

दिवा आणि बरणी यांच्यामध्ये पाण्याने भरलेली एक काचेची पेटी ठेवलेली असायची. मी विचारलं, मासे कुठे आहेत? मासे नव्हते. दिव्याची ऊब त्या पाण्यात अडकावी म्हणून ती पेटी. "नाहीतर बुडबुडे उजेडाने वाढले की गरम झाल्याने, ते कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मावशी. एकच."

हे त्यांचं बोलणं मी दिवसातून निदान चार वेळा ऐकायचे. आमटीत एकदा मी कोकमं बदलली आणि मसालाही नवा टाकला. मॅडम ताटली घेऊन चालता चालता थांबल्या. "चव बदललीय. पण आता कशाने बदलली ते कसं सांगणार? दोन्ही एकदम कशाला बदललंत?" मी सांगितलं, आवडली नसेल तर ठेवा खाली. "आवडली. म्हणून तर त्रास होतोय." डॉक्टरने गुडघ्यासाठी तीन गोळ्या दिल्या तर ही बाई पहिला आठवडा एकच घ्यायची, दुसऱ्या आठवड्यात दुसरी. गुडघा सुजून टोपाएवढा झाला, पण कोणत्या गोळीने काय होत नाही ते त्यांना पक्कं कळलं.

दुसरं बोलणं, "थांबा, अजून स्थिरावलं नाही." दिवा हलवला की लगेच मोजायचं नाही, झाडाला सावरायला वेळ द्यायचा. हे त्या माणसांनाही लावायच्या. मी बाजारातून आले की दारातच बोलायला सुरुवात करायचे, अमकी भेटली, तमक्याने असा भाव सांगितला. मॅडम हात वर करायच्या. "आधी स्थिरावा." स्वतः मात्र खोलीत येरझारा घालत असायच्या.

एकदा मला पवईच्या तलावावर पिशवी धरायला नेलं. दुकानातली हायड्रिला त्यांना पसंत नव्हती, म्हणाल्या ती आजारी असते. सलवार गुडघ्यापर्यंत ओढून उतरल्या पाण्यात. वरून वॉचमन धावत आला, "मॅडम, अंदर मगर है!"

"मालूम है," मॅडम वाकलेल्याच. "वो भी धूप के लिए आता है."

मी काठावरून म्हटलं, "मगरीने धरलं तर मी पिशवी घेऊन घरी जाणार. ओढायला येणार नाही."

"पिशवी नीट न्या म्हणजे झालं."

हे सगळं कशासाठी, ते मी एकदा तांदूळ निवडताना विचारलं. कोणी पगार देत नाही, कोणी परीक्षा घेत नाही. मॅडम दिव्याशी वाकल्या होत्या, तशाच बोलल्या.

"मुलं गाईडमधून आकडे उतरवायची. दिवा जवळ आला की बुडबुडे जास्त, लांब गेला की कमी, हे त्यांना आधीच माहीत. मग मोजतंय कोण? वरून आमचा शिपाई परीक्षेच्या दिवशी पाण्यात खायचा सोडा जास्त टाकायचा, म्हणजे परीक्षकासमोर झाड फसफसतं. सगळ्या मुलांचे आलेख एकासारखे एक, सुंदर. आणि खाली माझी सही."

"मग तुम्ही कधी मोजले होते?"

"तेच तर. मीही पुस्तकातलाच आलेख फळ्यावर काढला, इतकी वर्षं. एकदा तरी खरे आकडे बघायचेत. जसे येतील तसे. मग मेले तरी चालेल."

"मरायचं तर माझ्या घरात नको. सोसायटीवाले नाटकं करतात."

त्या हसल्या. पण मला दिसलं, की बाईला हे खरंच हवं आहे. माझ्या ओळखीत लोकांना जावई हवा असतो, फ्लॅट हवा असतो, डायबिटीस जायला हवा असतो. हे असलं काही हवं असलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

दिव्याने काम होईना. वीज कमीजास्त व्हायची, टाकी धुतली की पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास यायचा आणि झाड रुसायचं. शेवटी त्यांनी दिवा गुंडाळून ठेवला आणि बरणी खिडकीच्या कट्ट्यावर मांडली. दिव्यापेक्षा सूर्य बरा, म्हणाल्या. सकाळी कोवळं ऊन, मग चढतं, मग डोक्यावर. तोच दिवा, तोच आपणहून सरकतो.

नेमकी तेव्हाच सोसायटीने बिल्डिंगची दुरुस्ती काढली. बांबू बांधले, त्यांच्यावर हिरवी जाळी चढली. ठेकेदार अर्धं प्लास्टर करून दुसऱ्या कामावर पळाला. जाळी राहिली. घरात सगळं हिरवं. भात हिरवा, दूध हिरवं, आरशात मी हिरवी. दुपारी बारा वाजता दिवा लावून डाळ निवडायची. मला चिडचिड व्हायची, मॅडमचं तर विचारूच नका. बरणीतले बुडबुडे सुस्तावले होते. त्या दिवसातून दोनदा खाली सेक्रेटरीच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या.

सेक्रेटरी आमच्याच गावाकडचा, मला काकी म्हणतो. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीवर विनोद करतो. "अहो मॅडम, हिरवं तर चांगलं ना झाडांना! फुकटात गार्डनमध्ये ठेवलंय तुम्हाला."

"झाड हिरवं दिसतं, कारण तो रंग ते परत टाकतं. त्याने ताटात टाकलेलंच तुम्ही त्याला पुन्हा वाढताय."

"काकी, तुमच्या पेइंग गेस्टला सांगा ना, ठेकेदार आला की काढू जाळी."

ठेकेदार आला नाही. एका सकाळी मी मासे कापायची कात्री शोधत होते, तर मॅडम खिडकीत उभ्या आणि जाळीला खिडकीएवढं भोक. ऊन आत आलं होतं, आणि त्याच्याबरोबर सिमेंटची धूळ. माझ्या ओट्यावर, पाण्याच्या हंड्यावर, मॅडमच्या केसांवर. त्या धुळीत उभ्या राहून घड्याळ हातात घेऊन मोजत होत्या.

दोन दिवसांनी त्याच भोकातून प्लास्टरचा एक तुकडा खाली गेला आणि सेक्रेटरीच्या स्कूटरच्या सीटवर पडला. सीट फाटली. आता त्याला विनोद सुचेना. रविवारी सभा बोलावली. विषय एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या भाडोत्री बाईंना महिनाअखेर बाहेर काढणे.

मी मॅडमना म्हटलं, "माफी मागा, मोकळ्या व्हा."

"माफी मागेन. पण आधी त्यांना दाखवेन. दोन बरण्या ठेवू, एक उघड्या उन्हात, एक जाळीखाली. लोकांना स्वतः मोजू दे. आपल्या घरात किती उजेड उरलाय ते त्यांनाच कळेल. मग जाळी उतरवतील."

खरं सांगते, मला पटलं होतं. जाळीला सगळेच कंटाळले होते, फक्त बोलत नव्हते. बुडबुडे आले असते तर जाळी निघाली असती आणि मॅडमही राहिल्या असत्या.

रविवारी सकाळी आवारात ऊन छान होतं. गणपतीतलं टेबल मांडलं, त्यावर दोन बरण्या, एकीवर कापलेल्या जाळीचा तुकडा. माणसं जमली. बायका पुढे, पुरुष मोबाइल बघत मागे. मॅडमनी झाडाबद्दल थोडक्यात सांगितलं, चांगलं सांगितलं. मग म्हणाल्या, "आता मोजा."

सगळे वाकले. काहीच नाही.

"थांबा, अजून स्थिरावलं नाही," मॅडम म्हणाल्या आणि टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागल्या.

थांबलो. ऊन चढलं. जाळीखालच्या बरणीत नाही, ते समजण्यासारखं होतं. उघड्या बरणीतही नाही. तळमजल्यावरची एक बाई म्हणाली, "मॅडम, तुमचं झाड उपाशी आहे की उपास आहे?" लोक हसले. सेक्रेटरी घड्याळ बघायला लागला.

मी मॅडमच्या कानाशी गेले. "आलेत म्हणा. एवढं बारीक कुणाला दिसतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी शिवीच दिली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एकही आलेला नाही."

"सोडा आणू का घरातून? चिमूटभर?"

"सोडा नाही." फेऱ्या चालूच. मग एकदम थांबल्या. ती बाई थांबली की मला भीती वाटायची. "मावशी, सकाळी नळाला पाणी नव्हतं ना? मग मी पाणी कुठलं घेतलं?"

"मला काय विचारता? ओट्यावरच्या कळशीतलं घेतलंत."

"ते उकळलेलं असतं?"

"मग? माझ्या घरात कच्चं पाणी कोण पितं?"

मॅडमनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या. भर सभेत, बेघर व्हायची वेळ आलेली बाई, पोट धरून हसत होती. "पाणी उकळलं की त्यातली हवा जाते! झाडाला खायला काही उरत नाही, आणि ते जे सोडतं तेही असलं पाणी पिऊन टाकतं, वर येऊच देत नाही. पहिल्या तासाला शिकवायचे मी हे. पहिल्या तासाला! बघा, झाडाने बरोबर सांगितलं. मीच चुकले."

"म्हणजे मॅडम, चूक तुमची," सेक्रेटरी म्हणाला.

"शंभर टक्के!"

"आई गं, हिला आनंद झालाय," तळमजल्यावरची म्हणाली.

मला तर असं वाटलं की हिला एक ठेवून द्यावी. पण बाहेरच्यांनी हसलेलं मला खपत नाही. मी पुढे झाले. म्हटलं, "झालं हसून? खोली माझ्या नावावर आहे. तिथे कोण राहील ते मी ठरवीन. जाळी मी शिवते. स्कूटरच्या सीटला कव्हरही मीच शिवते, नवीन सीटपेक्षा चांगलं. आणि काय रे, तू लहान असताना माझ्या दारात बसून कोलंबीची खिचडी खायचास, तेव्हा मी कुणाची परवानगी काढली होती?"

सेक्रेटरीचे कान लाल झाले. "काकी, तसं नाही... तुम्ही म्हणता तर राहू दे त्यांना. पण जाळी शिवा."

दुपारी मी दाभण आणि सुतळी घेऊन खिडकीत बसले. बाहेर वाकून वाकून कंबर मोडली. मागे मॅडमच्या येरझारा.

"मावशी, मी जाते."

"दुकानात? येताना दही आणा."

"मढला, समुद्राकडे. तिथे एका ख्रिश्चन बाईंची खोली बघितलीय, गेल्या आठवड्यात. अंगण आहे, विहीर आहे. वर मोकळं."

दाभण बोटात घुसलं. "आणि हे आता सांगता? एवढ्या लोकांत तोंड वाजवलं मी तुमच्यासाठी!"

"मी कुठे सांगितलं होतं वाजवायला?"

सांगितलं नव्हतं, हे खरंच. त्याने राग आणखी वाढला. "तुझ्यासारखी निर्दय बाई मी बघितली नाही गं," मी म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. खिडकीत येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि शिवायच्या राहिलेल्या फटीतून समोर दाखवलं. चाळ रिकामी झाली होती. भोवती पत्रे ठोकले होते, वर टॉवरचा बोर्ड.

"जाळी निघेल आज ना उद्या. तो निघणार नाही. इथे राहिले तर मला परत दिवाच लावावा लागेल."

मी टाका घालून सुतळी दातांनी तोडली.

त्या गेल्या. जाताना स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बरणी ठेवून गेल्या. "पाणी कमी झालं तर नळाचं घाला. उकळलेलं नको." हे बोलताना सुद्धा हसल्या. मी दार लावून घेतलं.

पुढे जाळी निघाली. समोरचा टॉवर मात्र वर वर चढत गेला. आधी सकाळचं ऊन उशिरा यायला लागलं, मग ओट्यापर्यंत पोचेना, मग आलंच नाही. आतल्या खोलीत आता एक नर्स राहते. शांत आहे. बसते. बरणी मी फेकली नाही, कारण फेकायला तीन मजले उतरावे लागतात. झाड जिवंत होतं एवढंच, बुडबुडा कसला तो नाही.

मग टॉवरला काचा बसल्या. एका दुपारी मी चहा टाकत होते आणि ओट्यावर ऊन पडलं. पूर्वेच्या खिडकीतून, दुपारी चारला. मला वाटलं डोकं फिरलं. बघते तर मागे पश्चिमेला गेलेला सूर्य आमच्या बिल्डिंगवरून समोरच्या काचांवर आदळून परत आमच्याकडे येत होता. ओट्यावरून सरकत सरकत तो बरणीवर आला आणि थोड्या वेळाने काडीच्या टोकाला एक बुडबुडा दिसला. सुटला. मग दुसरा. चहा उतू गेला.

मी मॅडमना फोन लावला. गेल्यापासून पहिल्यांदाच.

"तुमच्या गवताला बुडबुडे आलेत."

"उजेड कुठून आला?" कशा आहात नाही, काही नाही.

सांगितलं. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, म्हणजे चालत होत्या. मग म्हणाल्या, "मोजा."

"मला दुसरी कामं नाहीत?"

"एक मिनिटभर. घड्याळ बघून."

मोजले. सतरा आले, सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, त्याच वेळी. मी म्हटलं, आज अकरा. तिसऱ्या दिवशी एकवीस.

"पण अकरा मध्येच कसे?"

"मला काय माहीत? अकरा होते. जास्त हवे असतील तर त्या शिपायाला फोन करा."

"नको, नको," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "किती यायला हवेत ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. म्हणूनच तुमचे हवेत. कोणाला विचारू पण नका."

"तिकडे मढला एवढं ऊन आहे, तुमचे नाही का आले?"

"येतात. पण मोजताना मला माहीत असतं, मावशी. कितीही म्हटलं तरी मला आधीच माहीत असतं."

तेव्हापासून रोज चारला फोन वाजतो. नर्सला वाटतं माझी बहीण आहे. मी आकडा सांगते, त्या लिहून घेतात, मग दोन शब्द बोलायचे असतील तर बोलतो, नाहीतर नाही.

परवा आषाढातलं आभाळ दाटून आलं होतं. समोरच्या काचा काळ्या पडल्या होत्या. मी तरी बरणीपुढे उभी राहिले, पूर्ण मिनिट, घड्याळ बघून. फोन वाजला.

"आज एकही नाही," मी म्हणाले.

"एकही?"

"बघितलं नीट. शून्य."

पलीकडचं चालणं थांबलं. मग मॅडम म्हणाल्या, "इतक्या वर्षांत एकाही मुलाने मला शून्य लिहून दिलं नव्हतं, मावशी."

मी फोन ठेवला. भात लागत होता.